दऱ्याखोऱ्यांतून ज्युरीपर्यंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्लेक्सवरची, लग्नपत्रिकांवरची, दुकानांच्या पाट्यांवरची मोडकी जोडाक्षरे हा वाचकांच्या पत्रव्यवहारातला जुना विषय आहे. तक्रार रास्तच असते. पण तिच्या शेवटी बहुधा एक ठरलेले वाक्य येते, की डिझाइन शिकणाऱ्या आजच्या मुलांना मराठीची चाड राहिलेली नाही. ते आम्हाला पटत नाही. काना, वेलांटी आणि रफार चाडीने जुळत नाहीत. संगणकातल्या चार-पाच जागी योग्य निवड केलेली असली म्हणजे जुळतात, आणि त्या जागा मुलांना कोणी दाखवत नाही. आम्हा दोघांपैकी एक उपयोजित कला शाखेत मुद्राक्षररचना शिकवतो आणि दुसरा छापखान्यात आलेल्या फाइली छपाईयोग्य करतो. म्हणजे मुलांच्या हातून फाइल सुटते ती एकाच्या टेबलावरून आणि अडकते ती दुसऱ्याच्या टेबलावर. मराठी अक्षर नेमके कुठे आणि का मोडते, ते या दोन टोकांवरून जसे दिसते तसे लिहीत आहोत. पोर रात्रभर जागून कागदच का कापते, हे ज्या घरांना कळत नाही त्यांनाही याचा थोडा उपयोग व्हावा.

दुसऱ्या वर्षाचा एक साधा प्रकल्प घेऊ. विषय आहे सह्याद्रीतली पावसाळी भटकंती. करायचे आहे एक ए-३ पोस्टर, १६ पानांची ए-५ पुस्तिका आणि प्रदर्शनाच्या दारावर लावायची एक पाटी. शीर्षक 'दऱ्याखोऱ्यांतून'. ज्युरी शुक्रवारी सकाळी दहाला. (ज्युरी म्हणजे काम भिंतीवर लावून परीक्षकांसमोर उभे राहणे. शब्द न्यायालयाचा आहे, आणि त्या सकाळी वातावरणही तसेच असते.) हे शीर्षक मुद्दाम निवडले आहे. त्यात 'ऱ्या' दोनदा येतो, एक अनुस्वार आहे आणि मराठी अक्षराचे जे जे व्हायचे ते सगळे या एका शब्दात होऊ शकते.

पहिली अडचण मजकूर हातात येतो तेव्हाच सुरू होते. मजकूर कोणी व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर तो युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतांत) असतो आणि सहसा धड असतो. जुन्या वर्ड फाइलमधून आला असेल तर तो बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या संचात असतो. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे ठेवलेले असतात. तो फॉन्ट काढला की खालची इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे उघडी पडतात. रूपांतरक वापरून हा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण रूपांतरक तीन गोष्टी हमखास सांडतो: 'ऱ्य'मधला अर्धा र, 'ॲ' आणि अवतरणचिन्हे. म्हणून रूपांतर झाल्यावर शोधायचे ते आधी हेच.

पीडीएफमधून मराठी मजकूर उचलणे हा त्याहून वाईट मार्ग. पीडीएफमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने बसलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर लागते. उचललेल्या मजकुरात ती भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते आणि रफार गायब होतो. अशा मजकुराची दुरुस्ती करण्यापेक्षा तो पुन्हा टंकलेला बरा. १६ पानांचा मजकूर पुन्हा टंकायला दोन तास लागतात. दुरुस्त करायला चार लागतात आणि तरी दोन चुका राहतात.

आता 'ऱ्या'. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे साधा र, हलंत (पाय मोडण्याचे चिन्ह), मग न दिसणारा एक जोडक आणि मग य. दुसरा म्हणजे ऱ (खाली टिंब असलेला), हलंत आणि य. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक पडतो तो प्रवासात. पहिल्या प्रकारातला जोडक अदृश्य असल्याने एखादे ॲप, एखादा रूपांतरक तो गाळून टाकतो, आणि मागे राहतात र, हलंत, य. त्यांचा होतो रफार. 'दऱ्याखोऱ्यांतून'चे 'दर्याखोर्यांतून' होते. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र. पोस्टर थेट कोकण किनाऱ्यावर जाऊन पोचते. आमची शिफारस दुसऱ्या प्रकाराची आहे. आणखी एक: एकाच फाइलमध्ये दोन्ही प्रकार मिसळले असतील तर शोधा-आणि-बदला एकाच प्रकारचे शब्द पकडते, दुसरे तसेच राहतात. शोध दोनदा घ्यावा लागतो.

'ॲ'चेही तसेच. तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीचे लोक अ लिहून त्यावर चंद्र देत, अजूनही देतात. काही फॉन्टांत ते चालून जाते, काहींत अ आणि शेजारी ठिपक्यांच्या वर्तुळावर चंद्र असे दिसते. 'पद्धत' आणि 'पध्दत' हा मात्र फॉन्टचा दोष नव्हे. पहिल्यात द आधी आहे, दुसऱ्यात ध. जोडाक्षर बांधीव असले की ही चूक दिसत नाही, म्हणून मुद्रितशोधन करताना हलंत सुटे दाखवणारा एखादा साधा फॉन्ट लावून एकदा वाचावे. शुद्ध, युद्ध, बुद्धी, सिद्ध यांच्यातले उलटे जोड पटापट सापडतात.

मजकूर धड झाला, आता तो सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा. सर्वांत जास्त मोडतोड इथे होते आणि तिचे कारण सर्वांत किरकोळ असते. पाने लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेद जुळवणारे दोन प्रकारचे यंत्र आहे, त्याला कंपोझर म्हणतात. नेहमीचा कंपोझर लॅटिन लिपीसाठी आहे. त्याला वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यायची असते हे माहीतच नाही. 'वि' लिहिले की व, आणि पुढे ठिपक्यांच्या वर्तुळावर वेलांटी. देवनागरीसाठी 'वर्ल्ड-रेडी' नावाचा कंपोझर निवडावा लागतो. तो परिच्छेदाच्या पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूत सापडतो. दर वेळी निवडण्यापेक्षा एकही फाइल उघडी नसताना मूळ परिच्छेद-शैलीतच तो लावून टाकावा, म्हणजे पुढची प्रत्येक नवी फाइल तशीच उघडते. चित्रे आखायच्या इलस्ट्रेटरमध्ये आधी पसंतींच्या खिडकीत जाऊन भारतीय भाषांचे पर्याय दाखवायला सांगावे लागते, त्यानंतर परिच्छेदाच्या मेनूत दक्षिण आशियाई कंपोझर दिसू लागतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत हीच निवड पसंतींच्या टाइप विभागात असते. एकदा नीट लावूनही पुन्हा मोडते ते का? जुन्या फाइलमधून मजकूर चिकटवला की तो आपला जुना कंपोझर सोबत घेऊन येतो. मुले इथेच गोंधळतात. मघाशी बरोबर होते आणि आता मोडले, म्हणून फॉन्टला दोष देतात आणि फॉन्ट बदलत बसतात. फॉन्ट निर्दोष असतो.

ही निवड कुठे करायची, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ती पाच मिनिटे अनेक ठिकाणी सापडत नाहीत, कारण वर्गातले सगळे सराव इंग्रजी मजकुरावर होतात. ज्याला काही अर्थ नाही असा लॅटिन भरणा-मजकूर ओतून पाने लावायची आणि मराठी पहिल्यांदा हातात घ्यायची ती थेट अंतिम प्रकल्पात, ज्युरीच्या आदल्या आठवड्यात.

कंपोझरच्या खालोखाल महत्त्वाची निवड भाषेची. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली नाही तर अनेक फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श देतात. राज्य सरकारच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे आहेत तिथे नुसती भाषा बदलली की अक्षर आपोआप बदलते. ज्यात नाहीत तिथे काही केल्या बदलणार नाही, तेव्हा फॉन्ट निवडण्यापूर्वीच 'शाल' हा शब्द लिहून पाहावा. तिरो देवनागरीचे मराठी, हिंदी आणि संस्कृत असे तीन वेगळे संच आहेत, तिथे हा प्रश्नच येत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. विद्यार्थ्याने चोरीचे फॉन्ट वापरण्याची वेळ आता राहिलेली नाही. प्रा. र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी पोचला, पण तो पडद्यावर वाचण्यासाठी केलेला आहे. पोस्टरवर मोठा करून लावला की उघडा पडतो, आणि दोष त्याच्यावर येतो.

आता रचना. इंग्रजीत शिकलेल्या तीन सवयी देवनागरीला मारक ठरतात. अक्षरांमधले अंतर वाढवणे ही पहिली. इंग्रजी शीर्षक मोकळे करून लावले की उंची वाटते. मराठीत अंतर जरा वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे मणी होतात. हे अंतर शून्यावरच ठेवावे. शीर्षक लांब करायचे असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट घ्यावा. दुसरी सवय ओळींमधल्या अंतराची. सॉफ्टवेअर ते आपोआप अक्षराच्या १२० टक्के धरते, ते लॅटिनसाठी. मराठीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. १२० टक्क्यांत वरच्या ओळीतला 'कू' खालच्या ओळीतल्या 'र्के'वर बसतो. पुस्तिकेच्या मजकुराला ११ पॉइंटवर १६ किंवा १७ चे अंतर द्यावे. तिसरी सवय ठळकपणाची. फॉन्टमध्ये ठळक वळण नसले की अक्षराला बाहेरून रेघ द्यायची. ध, भ, घ, थ यांची पोटे आधीच लहान; रेघेने ती बुजतात आणि दुरून ध आणि घ सारखे दिसतात.

परिच्छेद दोन्ही बाजूंनी ताणून बसवण्याचा मोहही टाळलेला बरा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. 'गिर्यारोहकांसाठीसुद्धा' हा एकच शब्द. ए-५ पानावर दोन रकाने केले आणि मजकूर ताणला की अशा शब्दाच्या आधीच्या ओळीत दोन-तीन शब्दच उरतात आणि त्यांच्यामध्ये बोटभर खिंडी पडतात. डावीकडून सरळ आणि उजवीकडून मोकळे ठेवावे. यावर आमच्या दोघांत मतभेद आहे हे नमूद करायला हवे: छापखान्यातल्याला ताणलेला रकाना नीटनेटका वाटतो. त्याने तो आपल्या पुस्तिकांत खुशाल वापरावा.

मराठी आणि इंग्रजी शेजारी आली की आकाराचा प्रश्न येतो, आणि तो वर्गाबाहेरही महत्त्वाचा आहे. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार पाटीवरची मराठी अक्षरे इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. पाट्या करणारे दोन्ही भाषांना सारखा पॉइंट आकार लावतात आणि नियम पाळला असे समजतात. पण अनेक फॉन्टांत सारख्याच आकारात देवनागरीचा धड, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतचा भाग, इंग्रजी मोठ्या लिपीपेक्षा ठेंगणा असतो. आकडा सारखा, दिसायला मराठी लहान. मोजपट्टी लावायची ती धडाला, मात्रांची टोके धरून नव्हे, आणि मराठीचा आकडा इंग्रजीच्या वर न्यावा लागतो. किती, ते फॉन्टवर अवलंबून. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ही बेरीज-वजाबाकी फार आवडते. पाट्यांच्या तपासणीला जाणाऱ्यांनाही ती आवडावी.

बुधवारी फाइल छपाईला. कॉलेजांच्या आसपासच्या डिजिटल छपाईच्या दुकानांत १२ बाय १८ इंच किंवा १३ बाय १९ इंच कागद चालतो. ए-३ म्हणजे २९७ बाय ४२० मिमी. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेला रंग) धरले की ३०३ बाय ४२६. १२ इंच म्हणजे ३०५ मिमी, म्हणजे बसायला हवे. बसत नाही, कारण यंत्र कडेची चार-पाच मिमी जागा छापतच नाही. कडेपर्यंत रंग असलेले ए-३ पोस्टर १२ बाय १८ वर छापले की दोन बाजूंना पांढरी पट्टी राहते, मग ती कापताना पोस्टर २९० मिमीचे होते आणि माउंटवर, म्हणजे मागच्या जाड पुठ्ठ्यावर, नीट बसत नाही. १३ बाय १९ चा कागद आहे का, हे दुकानात आधी विचारावे. महत्त्वाचे काही कडेपासून ५ मिमीच्या आत ठेवू नये. कटिंगचे पाते मिमीभर सरकतेच.

रंगांच्या बाबतीत या विषयाचे दुखणे हिरव्याचे. पावसाळ्यातल्या सह्याद्रीचा जो झळझळीत हिरवा पडद्यावर दिसतो तो चार शाईंच्या छपाईत निघत नाही. दुकानदाराने बिघडवला असे मुलांना वाटते. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेत (सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे गुलाबी, पिवळा आणि काळा या चार शाईंच्या पद्धतीत) ठेवली की धक्का आधीच बसतो आणि त्यावर उपाय करायला वेळ मिळतो. आभाळाचा निळा जांभळ्याकडे झुकतो तो मॅजेंटा जास्त असल्याने. सायनपेक्षा तो निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवावा. दाट ढगांत चारही शाईंची बेरीज ३०० टक्क्यांच्या वर गेली तर कागद ओला राहतो किंवा टोनर (डिजिटल यंत्राची पूड-शाई) सोलतो. आणि मजकुराचा काळा हा फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के. चारही शाईंचा केला की शाई केसभर सरकल्यावर मात्रेला रंगीत सावली पडते. गडद फोटोवर पांढरे मराठी अक्षर ९ पॉइंटच्या खाली नेऊ नये. अनुस्वार शाईत बुडतो.

पुस्तिकेची पाने चारच्या पटीत हवीत: १६ किंवा २०, १८ नव्हे. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी दर वर्षी कोणीतरी १८ आणते. दुकानात सुटी पाने क्रमाने द्यावीत, जोड्या लावून देऊ नयेत. जोड्या त्यांचे सॉफ्टवेअर लावते. १६ पानांत १ च्या शेजारी १६, २ च्या शेजारी १५, बेरीज कायम १७. तयार जोड्या दिल्या की त्यांच्याही जोड्या होतात. आतला कागद १३० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), कव्हर २५०. जाड कागदावर डिजिटल छपाई केली की घडीवर टोनर तडकतो, म्हणून मधोमध पिन मारण्यापूर्वी कव्हरला क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून पाडलेली रेघ) करून घ्यावे, आणि क्रीझचा उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला यावा. उलट घडी घातली तर क्रीझिंगचे पैसे फुकट.

छपाईपूर्वी मजकुराची बाह्यरेषा करणे, ज्याला दुकानात 'कर्व्ह करणे' म्हणतात, हा सुरक्षित मार्ग समजला जातो, कारण मग दुकानातल्या संगणकावर फॉन्ट असण्याची गरज राहत नाही. पण दुकानांत चालणाऱ्या कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये त्यातही एक खोच आहे. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा थोड्या एकमेकींवर चढलेल्या असतात. कर्व्ह करताना अक्षरे एकत्र झाली की जिथे त्या चढतात तिथे भोक पडते, आणि छापून आल्यावर शिरोरेषेवर पांढरे ठिपके दिसतात. अक्षरे सुटी करून पुन्हा वेल्ड केली, म्हणजे सांधून एकच आकार केला, की ते जाते. आणि कर्व्ह केल्यावर मुद्रितशोधन नाही! चूक सापडली तरी तो आता शब्द नसून चित्र आहे. मूळ फाइल वेगळ्या नावाने जपलेली असावी.

मुलांच्या फाइली व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून जातात हेही एकदा सांगायला हवे. फोटो म्हणून पाठवले की प्रतिमा आक्रसते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते.

गुरुवारची रात्र कापाकापीची. माउंट बोर्ड एका दमात कापायचा नसतो. तीन-चार हलक्या फेऱ्या माराव्यात. जोर लावला की पाते कलते आणि कड तिरकी होते. पोलादी पट्टी ठेवायची ती जो भाग हवा आहे त्यावर, म्हणजे हात घसरलाच तर कापले जाते ते टाकाऊ बाजूला. कटरचे टोक दर सात-आठ कापांनंतर मोडून नवे घ्यावे. बोथट पाते कागद कापत नाही, फाडते, आणि बोटाला जखमाही जास्त त्यानेच होतात, कारण ते जोर मागते. चिकटवण्याचे गणित पावसाळ्यात बदलते. पाण्यात मिसळलेला फेव्हिकॉल लावला की कागद भिजून फुगतो आणि वाळताना आक्रसून बोर्डाला आपल्याकडे ओढतो. सकाळी बोर्ड ताटासारखा झालेला असतो. मागच्या बाजूला तेवढाच साधा कागद त्याच दिशेने चिकटवला तर ओढ दोन्हीकडून सारखी राहते. दिशा म्हणजे कागदाच्या तंतूंची. कागद फाडून पाहावा. ज्या बाजूने सरळ फाटतो ती तंतूंची दिशा. पुस्तिकेची घडी याच दिशेत असावी, नाहीतर पुस्तिका उघडी ठेवली तर बसत नाही आणि मिटली तर फुगते.

हे सगळे रात्री का? छपाई बुधवारी सांगितली तरी मिळते गुरुवारी संध्याकाळी, कारण सगळ्या वर्गाची ज्युरी शुक्रवारीच असते. आळस असतोच थोडा, पण रांगही खरी असते.

राहिली पाटी. ३० फुटांवरून वाचता यावी अशी. सरसकट हिशेब असा की १० फुटांना एक इंच उंची, म्हणजे इथे धड तीन इंचांचा. जोडाक्षरे दाट असतील तर आणखी थोडा. व्हिनाइलच्या चिकटपट्टीतून प्लॉटरने (पात्याने आकार कापणाऱ्या यंत्राने) कापायची असेल तर वेल्ड अनिवार्य, नाहीतर प्लॉटर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी कापतो आणि नको तो भाग सोलताना शब्दाचे तुकडे होतात. ॲक्रिलिकमधून लेझरने कापताना इंग्रजीपेक्षा मराठी सोपी, कारण शिरोरेषा सगळा शब्द एकत्र धरून ठेवते; इंग्रजीत एकेक अक्षर मोजून चिकटवावे लागते. पण 'दऱ्याखोऱ्यांतून'मध्ये एक तुकडा सुटा आहे, तो अनुस्वार. तो कापल्यावर यंत्राच्या पाटाखाली पडतो, झाडला जातो, आणि 'दऱ्याखोऱ्यातून' अशी पाटी लागते. गावोगावच्या पाट्यांवरचे कितीतरी अनुस्वार असेच गेले आहेत; सगळ्यांचा दोष व्याकरणाला देऊ नये. शब्दाची कागदी प्रत एकास एक मापात काढून भिंतीवर चिकटवावी, तिच्यावरून टिंबाची जागा धरावी आणि सुटे तुकडे मोजून एका पाकिटात ठेवावेत. 'ऱ्य'मधला अर्धा र बारीक मानेचा असतो, तो ३ मिमी ॲक्रिलिकमध्ये मोडू नये म्हणून जरा जाड वळणाचा फॉन्ट घ्यावा.

खिळे (धातूचे अक्षरठसे) जुळवून छापायच्या काळात, जावजी दादाजींच्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांतल्या कंपोझिटरला देवनागरीसाठी शेकडो खिळे हाताशी ठेवावे लागत. जोडाक्षराचा खिळा नसला तर त्याला ते तिथल्या तिथे कळे आणि तो हलंत देऊन भागवी. आता मोडते ते फाइल पाच हातांतून जाताना, आणि कोणाच्या हातात मोडले ते कोणालाच कळत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर तपासायची एक ओळ विद्यार्थ्याच्या वहीत कायमची चिकटवलेली असावी असे आम्ही सुचवतो. नवा फॉन्ट घेतला, सॉफ्टवेअर बदलले, दुकान बदलले, की आधी ती ओळ छापून पाहायची. पीडीएफ केल्यावर पुन्हा पाहायची.

डिझाइनच्या विद्यार्थ्याच्या दिवसातला सर्वांत मोठा तास मात्र वर्गाबाहेरचा आहे, तो बसमधला. खिडकीतून पाट्या वाचणे. या कामाला एक छोटी वही पुरते. रोज एकच पाटी टिपायची: कोणते साहित्य, अक्षराची अंदाजे उंची, किती अंतरावरून वाचली, काय मोडले होते आणि का मोडले असावे. ट्रकच्या मागची रंगवलेली अक्षरे, एसटीच्या फलकावरची गावांची नावे, देवळाच्या पायरीवर कोरलेली देणगीदारांची नावे. हाताने रंगवणाऱ्या पेंटरचा 'ऱ्या' कधी मोडत नाही, हे मुलांच्या महिन्याभरात लक्षात येते आणि मग ती बोरूकडे वळतात. वळल्यावर पहिला घोळ तिथेही होतो. दुकानात मिळणारी कट निब इंग्रजीसाठी तासलेली असते, मराठीसाठी तिरपा कट उलट बाजूला हवा. इंग्रजी निबने काढलेल्या मराठीत जिथे रेघ जाड हवी तिथे ती बारीक येते, आणि नेमके काय चुकले ते मुलाला सांगता येत नाही. बोरू स्वतः तासला की हा प्रश्न सुटतो. बांबूची काडी आणि धारदार चाकू एवढेच लागते.

कला महाविद्यालयांकडे आमचे मागणे लहान आहे. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच एक ए-३ मराठी पोस्टर द्यावे, टंकण्यापासून छापून कापून भिंतीवर लावण्यापर्यंत. त्याला गुण चित्राचे देऊ नयेत, फक्त अक्षरांचे द्यावेत. आणि वर्गातल्या सगळ्यांची ज्युरी एकाच दिवशी ठेवू नये, म्हणजे दुकानातली रांग निम्मी होईल. दुकानदारांनी आपल्याकडे कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती आणि कोणत्या मापाचा कागद आहे हे काउंटरवर लिहून लावले तरी रोजचे दहा फोन वाचतील.

आपल्याकडे मागणे एवढेच की ती तपासणीची ओळ खाली देत आहोत, ती कृपया छापावी. तिला अर्थ फारसा नाही. प्रत्येक शब्द कुठे ना कुठे मोडणारा आहे. ती छापून आली की मुलांना कात्रण करता येईल, आणि आपल्या छापखान्यात तिचे काय होते तेही सर्वांना दिसेल.

'ॲड. शार्दूल लिमये यांच्या हृदयात ऱ्हस्व-दीर्घाचा ऱ्हास होऊन दऱ्याखोऱ्यांतील दर्यावर्दी उद्विग्न, शृंगारप्रिय, श्रद्धाळू कृष्णास पद्धतशीर पत्र्याच्या छत्रीखाली भेटले.'

आपले नम्र,
एक अध्यापक व एक छपाई-व्यावसायिक, पुणे